संरक्षित फोल्डर आणि परवानगीची नोंद

संगणकावर काम करणाऱ्यास केव्हा ना केव्हा एका वाक्याशी गाठ पडतेच : या फोल्डरमध्ये प्रवेश करण्याची परवानगी आपणास नाही. यंत्र स्वतःच्या पैशाने घेतलेले, आतील मजकूर बहुधा स्वतःच साठविलेला, आणि तरीही यंत्रानेच मालकास दाराशी अडवावे, हा प्रकार प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. अशा वेळी बहुतेकजण दोहोंपैकी एक मार्ग धरतात. काही जण मजकूर गेला असे समजून नाद सोडतात. तर काही जण कोणाकडून तरी ऐकलेला एखादा आदेश देऊन सर्व दारे सर्वांसाठी सताड उघडी करून टाकतात. पहिल्या मार्गाने ठेवा हरवतो, दुसऱ्याने यंत्र बिघडते. परवानगी ही संगणकात नेमकी कोठे असते, ती कशी बदलते आणि केव्हा बदलू नये, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

साक्री हे धुळे जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. तालुक्यात अहिराणीचा सर्वत्र प्रचार असून पश्चिमेस, पिंपळनेरच्या पलीकडे, सह्याद्रीच्या पायथ्याशी भिल्ली, मावची आणि कोकणा समाजाची कोकणी या बोली ऐकू येतात. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यात भिल्ली आणि खानदेशी यांचा विचार एकत्रच केलेला आहे. त्या काळी बोलीचे नमुने कागदावर उतरवून घेत. आज तेच काम ध्वनिमुद्रणाने होते. कानबाईच्या उत्सवातील गाणी, जात्यावरच्या ओव्या, डोंगऱ्यादेवाच्या कार्यातील कथने यांची मुद्रणे संगणकातील फोल्डरांत साठतात. कागद जीर्ण झाला तरी हाती धरता येतो. फोल्डर मात्र शाबूत असूनही बंद राहू शकतो.

उदाहरणादाखल असे समजावे की, साक्री येथील एका अभ्यासकाने दहा वर्षे जमविलेली मुद्रणे एका संगणकात आहेत. एके दिवशी तो संगणक बंद पडला. आतील हार्ड डिस्क मात्र धड आहे. दुरुस्ती करणाऱ्याने ती काढून दुसऱ्या संगणकास जोडली. डिस्क दिसते, फोल्डरचे नावही दिसते. पण फोल्डर उघडू जाता परवानगी नाही असे उत्तर मिळते. ज्या वृद्ध स्त्रियांनी ती गाणी म्हटली त्यांतील काही जणी दरम्यान निवर्तल्या असतील, तर ही मुद्रणे पुन्हा मिळविणे कोणाच्याही हाती नाही. म्हणून येथे पुढचे पाऊल विचारपूर्वक टाकणे अगत्याचे ठरते.

२. कुलूप नव्हे, नोंद

बंद फोल्डरास कुलूप आहे अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत चुकीची आहे, आणि पुढील बहुतेक घोटाळे तिच्यातूनच उद्भवतात. फोल्डरावर कुलूप नसते; त्याच्याविषयीची एक नोंद असते. ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाचा एकंदर कारभार पाहणारी मूळ प्रणाली, कोणी दाराशी आला की ती नोंद वाचते आणि त्याला आत सोडावयाचे की नाही हे ठरविते. दार नोंद पाहणाऱ्या रखवालदाराच्या हाती असते.

महाराष्ट्रातील ग्रामीण वाचकास ही कल्पना परकी वाटू नये. शेतात उभे राहून जमीन कोणाची हे कळत नाही. ते सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून कळते. गाव नमुना सात यात भोगवटादाराचे नाव असते आणि शेजारी इतर अधिकारांचा रकाना असतो. विहिरीवरील हक्क, कुळाचा हक्क, कर्जाचा बोजा यांची नोंद त्या रकान्यात होते. फोल्डरची नोंद थेट याच धर्तीची आहे. तिच्यात एक मालक लिहिलेला असतो आणि त्याच्याखाली, इतर कोणास काय करता येईल, याची यादी असते : अमुक एकास वाचता येईल, अमुक एकास लिहिता येईल, अमुक एकास काहीच करता येणार नाही. मालकी निराळी आणि उपयोगाचा अधिकार निराळा, हा भेद दोन्हीकडे सारखाच महत्त्वाचा आहे.

मात्र एक मोठा फरक आहे, आणि तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सातबाऱ्यावरील नाव बदलावयाचे तर गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, हिच्यातून जावे लागते. संबंधितांस नोटीस जाते, हरकत घेण्यास अवधी मिळतो, मग नोंद प्रमाणित होते. आणि पूर्वी कोणाचे नाव होते हे जुन्या फेरफारावरून केव्हाही काढता येते. संगणकात असे फेरफाराचे पुस्तक सामान्यतः लिहिले जात नाही. नवी नोंद झाली की जुनी पुसली जाते. तिची नक्कल अगोदर करून ठेवली नसेल तर पूर्वस्थिती सांगणारे कोणी उरत नाही.

३. दोन परंपरा

एका संगणकावर अनेकांनी काम करण्याची पद्धत १९६० नंतरच्या दशकात रूढ होऊ लागली, तेव्हाच ही नोंद आवश्यक झाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षणसंस्थेत १९६१ साली अशा सामायिक संगणकप्रणालीचे प्रात्यक्षिक झाले. पुढे तेथेच १९६५ च्या सुमारास सुरू झालेल्या मल्टिक्स प्रणालीत प्रत्येक फाइलीस अधिकाराची स्वतंत्र यादी जोडण्याची कल्पना दृढ झाली.

बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी उभारलेल्या युनिक्स प्रणालीने हीच कल्पना आटोपशीर केली. १९७१ सालच्या तिच्या पहिल्या मार्गदर्शिकेतच परवानगी बदलण्याचा ‘सीएचमॉड’ हा आदेश आहे. आज लिनक्स आणि तत्सम प्रणालींत मालक, गट आणि इतर असे तीन वर्ग असून प्रत्येकास वाचणे, लिहिणे आणि चालविणे असे तीन अधिकार देता येतात. वाचण्यास ४, लिहिण्यास २ आणि चालविण्यास १ असे अंक मानून त्यांची बेरीज लिहितात. ७५० याचा अर्थ मालकास सर्व अधिकार, गटास वाचणे आणि चालविणे, इतरांस काहीही नाही.

फोल्डरच्या बाबतीत या तीन शब्दांचे अर्थ बदलतात, हे भाषाभ्यासकाने टिपून ठेवावे. फोल्डर ‘वाचणे’ म्हणजे आतील नावांची यादी पाहणे; ‘चालविणे’ म्हणजे त्यातून पलीकडे जाणे; आणि ‘लिहिणे’ म्हणजे आत नवे नाव घालणे किंवा असलेले काढून टाकणे. यावरून एक अनपेक्षित गोष्ट निष्पन्न होते : एखादी फाइल पुसण्याचा अधिकार सामान्यतः त्या फाइलीच्या नोंदीवर अवलंबून नसून ती ज्या फोल्डरात आहे त्याच्या नोंदीवर अवलंबून असतो.

दुसरी परंपरा विंडोजची. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीपासून तिच्यात तपशीलवार यादीची पद्धत आहे. प्रत्येक फोल्डरला मालक असतो. यादीत हवी तितकी नावे घालता येतात. परवानगी आणि मनाई या दोन्हींची नोंद होते. आणि वरच्या फोल्डरची नोंद खालच्यास वारशाने मिळते. नोंदीत प्रत्यक्ष नाव नसते, तर खात्यास दिलेला एक दीर्घ क्रमांक असतो. साक्रीच्या उदाहरणातील कोडे येथेच उलगडते. जुन्या संगणकावरील खात्याचा क्रमांक नव्या संगणकास ठाऊक नाही. म्हणून यादी पाहिली असता त्या जागी ‘अज्ञात खाते’ आणि अंकांची एक लांबच लांब ओळ दिसते. नव्या संगणकावर त्याच नावाचे खाते उघडले तरी उपयोग होत नाही, कारण त्याचा क्रमांक वेगळा पडतो. नाव एक, परंतु व्यक्ती दोन, असा हा प्रकार आहे.

२००७ साली सर्वत्र उपलब्ध झालेल्या विंडोज व्हिस्टापासून आणखी दोन बदल झाले. पहिला असा की, व्यवस्थापकाचा अधिकार असलेली व्यक्तीसुद्धा नित्याच्या व्यवहारात सामान्य माणसासारखीच वागविली जाते. आपण या क्षणी व्यवस्थापक म्हणून काम करीत आहोत असे तिने स्पष्ट सांगावे लागते. दुसरा असा की, प्रणालीच्या मुख्य फाइलींची मालकी व्यवस्थापकाकडेही न ठेवता ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ नावाच्या एका अंतर्गत सेवेकडे देण्यात आली. व्यवस्थापकास त्या फाइली वाचता येतात. बदलता येत नाहीत. ॲपलच्या संगणकांत २०१५ पासून याहून पुढचे पाऊल टाकलेले आहे. तेथे प्रणालीच्या काही फोल्डरांना सर्वोच्च अधिकाऱ्याचे खातेही हात लावू शकत नाही.

४. शब्दविचार

इंग्रजीतून आलेल्या एकाच संज्ञेसाठी मराठीत परवानगी, अनुमती, मुभा, हक्क, अधिकार असे अनेक शब्द वापरले जातात. परवानगी हा शब्द फारसीतील परवाना, म्हणजे आज्ञापत्र, याच्याशी संबद्ध आहे. ती मागावी लागते आणि दुसऱ्याने द्यावी लागते. मुभा हा अरबीतून आला. ज्यास मनाई नाही ते करण्याची मोकळीक, असा त्याचा अर्थ. हक्क हाही अरबी. तो मागावा लागत नाही, असतो. अधिकार या संस्कृत शब्दात सत्ता आणि पात्रता या दोन्ही छटा आहेत.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. विंडोजमध्ये फोल्डरच्या मालकाचे नाव यादीत नसले तरी यादी बदलण्याची सोय त्यास असते. हा त्याचा हक्क होय. यादीतील इतरांना जे मिळते ती परवानगी होय. व्यवस्थापक मालक नसतो. परंतु मालकी आपल्याकडे घेण्याची सत्ता त्याला असते. हा अधिकार होय. तिन्हींना सरसकट ‘परवानगी’ म्हटल्यामुळे, परवानगी नाही असे यंत्राने सांगितले की नेमके काय नाही हे वाचणाऱ्यास कळत नाही. उपाय शोधण्यापूर्वी कशाचा अभाव आहे हे ठरविणे हीच अर्धी उकल होय.

५. फोल्डर बंद का असतो

बंद फोल्डरांचे चार प्रकार संभवतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिला प्रकार मुळात उघडावयाच्याच नसलेल्या दारांचा. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या नावाचे एक फोल्डर लपविलेले असते. ते उघडू जाता परवानगी नाकारली जाते. वस्तुतः तेथे फोल्डरच नाही. जुन्या कार्यक्रमांची गैरसोय होऊ नये म्हणून ठेवलेली ती केवळ ‘युजर्स’ या खऱ्या फोल्डरकडे बोट दाखविणारी पाटी आहे. हवे ते ‘युजर्स’मध्ये मिळते. येथे परवानगी बदलणे म्हणजे भिंतीवर रंगविलेले दार फोडण्यासारखे आहे.

दुसरा प्रकार प्रणालीच्या स्वतःच्या फोल्डरांचा. ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ या फोल्डरात संगणक पूर्वस्थितीस नेण्यासाठी लागणारी सामग्री असते. तेथे माणसाचे काही काम नसते. ‘विंडोज’ या मुख्य फोल्डरचीही तीच गोष्ट. येथील परवानग्या बदलल्यास पुढील सुधारणा बसविण्यात अडथळे येतात, आणि कोणताही दुष्ट कार्यक्रम मूळ फाइलींपर्यंत पोहोचू शकतो.

तिसरा प्रकार अनाथ फोल्डरांचा. खाते गेले, नोंद उरली. साक्रीचे उदाहरण या प्रकारात मोडते. येथेच नोंद बदलण्यास रास्त कारण आहे.

चौथा प्रकार सांकेतिक लिपीत कोंडलेल्या मजकुराचा. विंडोज २००० पासून फाइल सांकेतिक रूपात ठेवण्याची सोय आहे, आणि व्हिस्टापासून ‘बिटलॉकर’ने संपूर्ण डिस्क तशी ठेवता येते. हे मात्र खरोखरीचे कुलूप होय. येथे नोंद कितीही बदलली तरी किल्लीवाचून अक्षरही वाचता येत नाही. म्हणून अशी किल्ली संगणकाबाहेर, सुरक्षित जागी, अगोदरच ठेवलेली असली पाहिजे.

६. उघडण्याची रीत

तिसऱ्या प्रकारातील फोल्डर उघडताना पुढील क्रम पाळणे हिताचे आहे.

प्रथम, नोंद न बदलता काम होते काय हे पाहावे. व्यवस्थापकास राखीव प्रत काढण्याचा एक विशेष अधिकार असतो. तो वापरताना यादीकडे दुर्लक्ष केले जाते. विंडोजमधील ‘रोबोकॉपी’ या आदेशास ‘बी’ हे अक्षर जोडले असता तो या रीतीने नक्कल करतो. मूळ डिस्क आहे तशीच राहते आणि मुद्रणांची प्रत हाती येते. लिनक्सचा संगणक जवळ असल्यास तीच डिस्क त्याला जोडूनही बहुधा हे साधते. कारण विंडोजने लिहिलेली यादी तो सहसा अंमलात आणीत नाही. रखवालदार बदलला की जुन्या रखवालदाराची वही निरुपयोगी ठरते. साक्रीच्या अभ्यासकास एवढ्यानेच आपली गाणी परत मिळावीत.

दुसरे, नोंद बदलणे अपरिहार्यच असेल तर जुन्या नोंदीची नक्कल अगोदर करावी. ‘आयकॅक्ल्स’ या आदेशास ‘सेव्ह’ हे उपपद जोडले असता सर्व यादी एका फाइलीत उतरते, आणि ‘रिस्टोअर’ने ती परत बसविता येते. मात्र या नक्कलेत मालकाचे नाव येत नाही. ते फोल्डरच्या गुणधर्मांतील सुरक्षाविषयक पानावर पाहून कागदावर लिहून ठेवावे.

तिसरे, मालकी घ्यावयाची ती ‘टेकओन’ या आदेशाने, आणि नेमक्या त्याच फोल्डरची. संपूर्ण डिस्कची मालकी एकदम घेणे हा सर्वांत महाग पडणारा प्रमाद होय. विंडोज समोर ठेवीत असलेले ‘पुढे चला’ हे बटणही विचार न करता दाबू नये. ते त्या व्यक्तीचे नाव यादीत कायमचे लिहिते, एकदा पाहण्यापुरते नव्हे. पाहणे संपले तरी नोंद उरते.

चौथे, द्यावयाचा अधिकार कामापुरताच असावा. ऐकावयाचेच असेल तर वाचण्याचा अधिकार पुरे. पूर्ण अधिकार देण्याचे कारण नाही.

पाचवे, काम झाल्यावर पूर्वीची यादी आणि पूर्वीचा मालक ही दोन्ही परत बसवावीत. ‘रीसेट’ नावाचा एक सोपा उपाय सुचविला जातो. परंतु त्याने मूळ यादी परत येत नाही, तर वरच्या फोल्डरची यादी खाली उतरते. प्रणालीच्या फोल्डरांना अनेकदा स्वतःच्या खास याद्या असतात; त्या अशाने नष्ट होतात.

लिनक्समध्येही हीच दक्षता हवी. सर्व अडचणींवर ७७७ हा अंक देणे, म्हणजे सर्वांस सर्व अधिकार बहाल करणे, ही सवय घातक आहे. हा आदेश मुळापासून सर्व फोल्डरांना लावला तर संगणक अधिक मोकळा न होता उलट अडून बसतो. खासगी किल्लीची फाइल इतरांना वाचता येते असे दिसताच दूरस्थ प्रवेशाचा कार्यक्रम ती किल्ली नाकारतो. आणि ‘सूडू’ या कार्यक्रमाची विशेष खूण पुसली गेल्याने व्यवस्थापकाचा अधिकार घेण्याचा नेहमीचा मार्गच बंद होतो. सर्व दारे उघडू गेलेला माणूस असा स्वतःच बाहेर राहतो.

७. सामर्थ्य आणि अधिकार

आतापर्यंतचे विवेचन ‘कसे’ याचे झाले. ‘कोणी’ हा प्रश्न उरतोच. व्यवस्थापकाचे खाते हाती असणाऱ्यास त्या संगणकावरील इतरांचे बहुतेक फोल्डर उघडता येतात. परंतु उघडता येणे आणि उघडण्याचा अधिकार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. भारताच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे ४३ वे कलम मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या अनुमतीवाचून केलेल्या प्रवेशाविषयी आहे, आणि असे कृत्य अप्रामाणिकपणे केल्यास ६६ व्या कलमान्वये तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. यंत्राने आत सोडले हे येथे समर्थन ठरत नाही.

बोलींच्या अभ्यासात तर परवानगीचा आणखी एक थर असतो. गाणे म्हणणाऱ्या बाईने ते मुद्रित करण्यास संमती दिली असेल. पण ते साऱ्या गावास ऐकविण्यास दिली असेलच असे नाही. एखाद्या कथकाने देवकार्यातील कथन केवळ अभ्यासासाठी सांगितले असेल. असा फोल्डर बंद आहे तो यंत्राच्या अडचणीमुळे नव्हे, दिलेल्या शब्दामुळे. ही गोष्ट संगणकाच्या यादीत लिहिता येत नाही. शिवाय ती यादी नकलेबरोबर सर्वत्र जातेही असे नाही : बाजारात मिळणारे पेनड्राइव्ह बहुधा ज्या रचनेचे असतात, तिच्यात मालक आणि परवानगी यांची नोंदच नसते. बंद फोल्डर त्यावर उतरविला की तो सर्वांस खुला होतो. म्हणून कोणी, कोणत्या अटीवर, काय ऐकू दिले, याची साध्या मराठीत लिहिलेली टीप त्या त्या फोल्डरातच ठेवणे, आणि तिची एक प्रत कागदावर जपणे, ही अभ्यासकाची जबाबदारी होय.

सारांश, संरक्षित फोल्डर उघडणे हे कुलूप तोडण्याचे काम नसून नोंद बदलण्याचे काम आहे. महसुलाच्या दप्तरात नोंद बदलताना जुनी नोंद राखणे, संबंधितांस विचारणे आणि कारण लिहून ठेवणे हे नियमानेच घडते. संगणक यांपैकी काहीही आपणहून करीत नाही. ते त्याच्यासमोर बसलेल्या माणसाने करावयाचे असते. साक्रीच्या त्या अभ्यासकाने डिस्क दुरुस्तीस देण्यापूर्वी एवढे सांगितले की मालकी घेऊ नका, आधी नक्कल काढा, तर दहा वर्षांचे काम वाचेल; आणि ज्यांनी विश्वासाने ते काम घडू दिले त्यांच्या शब्दासही बाध येणार नाही.